बे साती

कल्याण,
माघ वद्य पंचमी, शके १८२०

हऱ्या,

'राजमान्य राजश्री हरिहरपंत' असे लिहायला घेतले आणि माझे मलाच हसू आले, म्हणून खोडले. महिनाभर तुझे पत्र नाही, माझेही नाही. रागात आपण बरोबरीचे. इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची रीत आहे. कुशल नाही, पण ते मागाहून. आधी आपल्या गावच्या थोर पुरुषांचे पराक्रम ऐक.

ठाण्यापासून कल्याणापर्यंत सध्या हलत्या चित्रांची साथ आली आहे. प्लेगाला निदान टोचून तरी घेता येते, ह्याला औषध नाही. ज्याला आरशात स्वतःचे तोंड धड पाहता येत नाही तो चित्रे काढतो आहे. ठाणेकरांनी खाडीच्या पुलावरून जाणारी आगगाडी धरली. फितीवर गाडी नाही, नुसता धूर. तरी त्यांनी सभा भरवली, हार घातले, आणि 'धूम्रदर्शन' म्हणून ती फीत दोनदा दाखवली. डोंबिवलीच्या पाटलाने मुंबईहून उसनी पेटी आणली आणि भिंगावरचे झाकण न काढता सबंध फीत फिरवली. आपल्या मंडळीतले लोक म्हणाले, "तिचं नाव ठेवा 'अमावास्या'." पाटलाला ती थट्टा कळली नाही. त्याने खरोखरच ते नाव ठेवले!

आणि आपले कल्याणकर? ते तर ह्या सगळ्यांचे गुरू. लाकडाच्या वखारीचे काळुरामशेट विलायतेहून पेटी घेऊन आले. तीच पेटी चित्र काढते, तीच मागे दिवा लावला की पडद्यावर दाखवते. चित्रे काढायला एक मंडळी निघाली आणि पेन्शनर मामलेदार रावसाहेब तिचे अध्यक्ष झाले. गेल्या महिन्यात मंडळीने रुप्याचे पदक दिले, ते काळुरामशेटना. का, तर चित्र घेताना पेटीवर छत्री त्यांनी धरली होती. दांडा फिरवणाऱ्याचे नाव छापील पत्रकात नाही. दांडा फिरवणारा मी होतो हे तुला सांगायला नकोच.

आता त्या दांड्याचे थोडे ऐक, पुढे लागेल. सेकंदाला दोन फेरे, असे पेटीबरोबरच्या कागदावर आहे. घड्याळ पाहावे तर समोरचे दिसत नाही. म्हणून मनात काही म्हणत म्हणत हात चालवायचा. रावसाहेबांनी संस्कृत श्लोक घेतला. तिसऱ्या चरणाला अडखळले, हात मंदावला, आणि पडद्यावर देवळातले भटजी तव्यावर पाय पडल्यासारखे टुणटुण पळू लागले. हात मंदावला की पडद्यावरची माणसे पळतात. हात घाईत गेला की ती रेंगाळतात. एवढे उलटे गणित मंडळीत कोणाच्याही डोक्यात शिरले नाही. रावसाहेब म्हणाले, "भटजींनाच घाई फार."

मी बेचा पाढा धरला. 'बे एके बे' म्हणेपर्यंत दोन फेरे, 'बे दुणे चार' म्हणेपर्यंत आणखी दोन. दहापर्यंत गेले की पुन्हा पहिल्यापासून. कॉलेज सोडून आलेल्या माणसाची विद्या ती एवढीच, असे तू म्हणशील. म्हण. पण माझ्या फितीतली माणसे माणसांसारखी चालत.

एक फीत सोडून. तिच्याबद्दलच तुला लिहायचे आहे, आणि बघ, एक पान भरले तरी मी ठाणेकरांनाच शिव्या देत बसलो आहे.

पौषात काळ्या तलावावर 'पायऱ्यांवरची सकाळ' घेतली. रावसाहेबांनी आधी सगळ्यांना बजावले होते, "पेटीकडे कोणी पाहायचं नाही. पेटी इथे नाहीच असं समजून चालायचं." लोक समजून चालले. इतके समजून, की दोघे एकमेकांवर आदळले. मी दांडा फिरवत होतो, पाढा ओठांतच चालला होता. बे सक बारा झाले, आणि खालच्या पायरीवरून तुझी गोदा वर आली. कडेवर घागर, कपाळ मोकळे. तिला कोणी काही बजावले नव्हते. तिने सरळ पेटीकडे पाहिले.

मी म्हणालो, "बे साती..."

पुढचे सुचेना. सुचेना म्हणजे काय, चौदा हा आकडाच जगात नव्हता. हात मंदावला. "बे साती... बे साती..." मी म्हणतोय, तोही मोठ्याने, हे मला कळले ती अगदी जवळून गेली तेव्हा. चालता चालता, मान न वळवता ती म्हणाली, "चौदा." आणि गेली. माझा हात परत पाढ्याच्या चालीला आला.

एवढेच घडले, हऱ्या. आईशपथ एवढेच. गावाने पुढे जे केले ते आता ऐक.

वखारीत पांढरे धोतर ताणून फीत दाखवली. पुरुष पुढे, बायका चिकाच्या पडद्यामागे. पायऱ्यांवर सगळे सावकाश चालताहेत, आणि मध्येच एक बाई घागर घेऊन सुसाट वर धावत येते. त्यात हात मंद असला की उजेडही जास्त शिरतो. त्यामुळे बाकीचे काळसर आणि तिचा चेहरा तेवढा लख्ख. तोंड उघडते, काही म्हणते, नाहीशी होते. लोक पोट फुटेस्तोवर हसले. वन्स मोअर! काळुरामशेटनी पुन्हा फिरवली. पुन्हा वन्स मोअर. मी ओरडलो, "शेट, तिथे हात हळू करा, ती नीट चालेल!" शेट म्हणाले, "अरे, चालवायची कशाला? पळतेय तीच तर मजा!"

तिसऱ्या खेपेला चिकाआडून विमलाबाईंचा आवाज आला. म्हणजे अध्यक्षीणबाईच. "अगोबाई, ही तर हरिहराची बहीण! आणि बोलते कुणाशी ती?"

हसणे थांबले. मग कुजबुज. बोलते ती पेटीमागच्याशी. पेटीमागे कोण? गोविंदा. आणि धावत का गेली? रावसाहेब चुकचुकले. हेच रावसाहेब गेल्या गणेशोत्सवात विधवाविवाहावर दीड तास बोलले होते आणि आपण दोघे टाळ्या पिटत होतो! वाटले, त्यांचे ते पागोटे दिव्यावर धरावे.

अख्ख्या गावाने डोळ्यांनी पाहिले आणि एकालाही काही दिसले नाही. धावली ती नव्हेच. थांबलो तो मी. पण धोतरावर मी कुठे आहे? धोतरावर ती आहे.

पुढचे तुला ठाऊक आहे, कारण ते तूच लिहिलेस. परवा काकूंनी मला हाक मारून ओटीवर उभे केले. आत यायला सांगितले नाही. तुझे चार ओळींचे पत्र माझ्या पुढ्यात टाकले आणि म्हणाल्या, "गोविंदा, तुझ्या त्या पेटीनं माझ्या पोरीचं डोकं घेतलं रे." शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पनवेलहून तिचा थोरला दीर येणार, तिला घेऊन जाणार, आणि तिथे केस उतरवायला न्हावी बसवणार. 'जे व्हायचे ते रीतीप्रमाणे होऊ द्या,' असे तू लिहिलेस. हऱ्या, हे अक्षर तुझेच ना? आपण एकाच बाकावर बसून ज्या रीतीला शिव्या घातल्या तीच ना ही रीत? तीन वर्षे कॉलेजात तू काय शिकलास, आणि मी दीड वर्षात सोडून काय गमावले, मला समजेनासे झाले आहे.

कॉलेजचे निघालेच, तर तेही सांगतो. प्रोफेसर गाढव आहेत म्हणून मी सोडले असे तुला सांगितले होते. प्रोफेसर गाढव आहेत हे खरे. पण त्या दिवाळीत मी घरी आलो तेव्हा गोदा सासरहून परत आलेली होती. तुमच्या ओटीवर बसून ती शेजारच्या शकूकडून पाढे म्हणून घेत होती. शकू चुकली की ही नुसता आकडा सांगायची, रागवायची नाही. मी परतीचे तिकीट काढले नाही. बस, एवढेच कारण. हे मी कोणालाही बोललेलो नाही, तिलाही नाही.

म्हणून मी फीत कापली. मंडळीत चोरीचा बोभाटा चालला आहे तो माझ्याच नावाने आहे आणि तो खरा आहे. भर दुपारी वखार बंद असताना मी आत गेलो, दिवा लावला, ती फीत एकदा फिरवली. त्याच जागी हात मंद केला. हऱ्या, ती चालली रे. घागरीतले पाणी न हिंदकळता, जशी चालते तशी, एक एक पायरी. मग मी कात्री लावली. मंडळीने माझे नाव कमी केले, आणि 'पायऱ्यांवरची सकाळ' आता तिच्याशिवाय दाखवतात म्हणे. त्यांना फरक पडणार नाही. ठाणेकर तर त्याला नवी युक्ती समजून हार घालतील.

तो तुकडा ह्या पत्रात घातला आहे. उजेडाकडे धर, दिव्याजवळ नेऊ नकोस, भपकन पेटतो. बावीस चित्रे आहेत. चौदा असती तर बरे दिसले असते, पण खोटे कशाला लिहू? सोळाव्यात तिचे तोंड उघडे आहे. भिंगाखाली बघ, आणि स्वतः आरशासमोर 'चौदा' म्हणून बघ. एका विधवेने भर तलावावर परपुरुषाशी काय भाषण केले, ते तुला कळेल.

हे पत्र लिहू का, असे मी काकूंच्या समोरच तिला विचारले. ती दारात उभी होती. म्हणाली, "लिही. पण चूक कोणाची ते खरं लिही. मी थांबले नव्हते. तू थांबलास."

मी म्हणालो, "आणि बाकीचं? माझ्या मनातलं?"

"तुझं तू लिही. माझ्या वतीनं एक अक्षर लिहू नकोस. दादानं मला विचारलं तर मी सांगेन. त्यानं अजून मला काही विचारलेलंच नाही."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. पण तिला गप्प बस म्हणाल्या नाहीत, हे मी पाहिले.

तर हे माझे. मला तिच्याशी लग्न करायचे आहे. उघड, दिवसा, ब्राह्मण मिळेल तिथे, आणि नाही मिळाला तर रजिस्टरात. माझे वडील घराबाहेर काढतील, काढोत. मुंबईत एका फोटोवाल्याकडे मी काम धरले आहे, तिथे छत्री धरणाऱ्याला पदक देत नाहीत. तू मला शिव्या दे, ओटीवरून ढकलून दे, मी उलट हात उचलणार नाही. माझ्या तोंडची अशी भाषा तू कधी ऐकली आहेस का?

पण शिवरात्रीच्या आधी ये. दिराच्या आधी ये. मला भेटू नकोस वाटल्यास. सरळ घरात जा आणि तिला विचार. फार वेळ लागणार नाही. ती एका शब्दात उत्तर देते, हे आता तुलाही ठाऊक आहे.

अजून 'बे साती'पाशीच उभा असलेला,
तुझा होतो तोच
गोविंदा