एक तर मेहुणा, नाहीतर मी

३ जून, सोमवार
कारखान्यात नोटीस लागली. तपासनीस व्हायचं तर लेखी परीक्षा, १७ तारखेला. विषय संभाव्यता. अकरा वर्षं बटणं निवडतोय, मला कोण शिकवणार? अर्धी नोटीस वाचून होते तोच मेहुणा मागे येऊन म्हणाला की दाजी, मीपण फॉर्म भरतोय. बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच शिफारशीने लागला, माझ्याच टेबलावर बसतो. अस्तनीतला निखारा. उरलेली नोटीस वाचायची इच्छाच मेली.

४ जून
हाताखालचा माणूस उद्या माझी बटणं तपासणार? त्यापेक्षा जीव गेला तरी चालेल.

बायको शाळेत गणित शिकवते, पण तिच्याकडून शिकणार नाही. जन्मभर ऐकवेल. पुस्तक स्वतः उघडलं. पान दोन: परस्पर अपवर्जी घटना. एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. छापा पडला की काटा नाही. लगेच कळलं. मेहुणा तपासनीस झाला की मी नाही, मी झालो की तो नाही. म्हणजे तो पडला की मी लागलो. निम्मा अभ्यास संपला. त्याचा बिघडवायचा, एवढंच उरलं.

८ जून, शनिवार
मेहुणा रोज सहाला हजर. बहीण-भाऊ स्वयंपाकघरात टेबलावर बटणं पसरून बसतात. मलाही बोलावतात. मी बाहेर पेपर वाचतो. बायको म्हणते पेपर उलटा होता. साफ खोटं, फक्त कालचा होता.

चहाच्या सुट्टीत त्याला मोठेपणाने कानमंत्र दिला: प्रश्नात 'किंवा' दिसलं की डोळे मिटून बेरीज. (हे नेहमी चालत नाही. पान सहा. काही बटणं दोन्ही गटांत मोजली जातात, ती एकदा वजा करावी लागतात.) त्याने मान डोलावली. मासा गळाला लागला. वर म्हणतो, दाजी, तुम्ही नोटीस पूर्ण वाचलीत का. मी तिथेच तोडलं. मला वाचायला शिकवतो.

११ जून
त्याची वही आमच्याकडे राहिली. माळ्यावर टाकली. बायकोने त्याला नवी दिली, म्हणाली पुन्हा लिहून काढ, पक्कं होईल. झालंही. माझी चूक नाही.

कानमंत्र चालूच. 'किंवा' म्हणजे बेरीज. आज चार वेळा.

१४ जून
चहाड्या केल्या त्याने. बायकोने जेवताना विचारलं की त्याला बेरजेचं कोणी शिकवलं. म्हटलं, काय माहीत. मग म्हणाली, तो पडला तर तुमचं काय भलं होणार आहे. गणिताची बाई असून हे विचारते. पान दोन समजावलं. ती कपाळावर हात मारून उठली. माहेरचं रक्त.

१६ जून, सकाळी १०
आजपासून माझा अभ्यास. कडक.

दुपारी ४
डोळा लागला. विश्रांतीही तयारीच.

१७ जून
पेपर सोपा. शेवटचा प्रश्न आमच्याच धंद्यातला: वीस बटणं, बारा पांढरी, अकरा चार भोकांची, पाच दोन्ही. एक उचललं तर ते पांढरं किंवा चार भोकांचं असण्याची संभाव्यता किती? 'किंवा' दिसलं आणि हात आपोआप चालला. तेवीस भागिले वीस. एकाहून जास्त. म्हणजे खात्रीच्याही वर. बाहेर आलो तर मेहुणा नखं खात उभा. म्हणाला, अठरा आलं ना वीसपैकी? मला त्याची दया आली.

२५ जून
निकाल. पन्नासपैकी मेहुणा चव्वेचाळीस, मी नऊ. पास व्हायला अठरा.

साहेबांना म्हटलं, एकच जागा होती, गेली मेहुण्याला, माझं नशीब. साहेब म्हणाले, एक कुठली? जागा दोन. फॉर्मही दोनच आले होते. खालच्या ओळीत ठळक लिहिलं होतं, म्हणे. तुम्ही दोघं पास झाला असतात तर दोघंही लागला असतात.

बोर्डाजवळ जाऊन वाचलं. दोनदा. आहे.

खूप लाज वाटली. राग शोधला, सापडला नाही.

२६ जून
मेहुण्याचं टेबल तपासनीसांच्या खोलीत गेलं. शेजारचं टेबल रिकामं आहे. कोणाला देऊ नका, असं त्यानेच साहेबांना सांगितलंय, म्हणे. संध्याकाळी सहाला आला. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बायकोने बटणं पुढे सरकवली.

फेरपरीक्षा सप्टेंबरात. उमेदवार मी एकटाच. पाडायला कोणीच नाही, त्यामुळे तयारी कुठून सुरू करायची ते कळत नाही.