चार्टर्ड व्हायचं, त्यात काय एवढं

१२ जानेवारी, रविवार
ठरलं. यंदा चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं.

तीस वर्षं या देशातले पूल तपासतोय. चिखलात मी उतरतो, तडे मी शोधतो, रिपोर्ट मी लिहितो आणि खाली सही करते ऑफिसातली सारा. का, तर ती चार्टर्ड आहे, इंजिनिअरांच्या संस्थेचा शिक्का आहे तिच्यावर. पोरगी चांगली आहे, पण मी पहिला पूल तपासला तेव्हा ती पाळण्यात होती. दोन वर्षांत रिटायर होणार. त्याआधी एका तरी पुलाच्या रिपोर्टवर शेवटची सही माझी पाहिजे.

डिग्री नाही. सांगलीचा डिप्लोमाही शेवटच्या वर्षाला सोडून इकडे आलो. पण अनुभवावर अर्ज चालतो. एक रिपोर्ट लिहायचा, मग दोन परीक्षक तासभर प्रश्न विचारतात. म्हणजे गप्पाच की! नीना म्हणाली, अहो, गप्पांमध्ये समोरच्यालाही बोलू द्यावं लागतं. तिला या फील्डमधलं कळत नाही.

१८ जानेवारी, शनिवार
रोज पहाटे उठून अभ्यास. सोमवारपासून.

२१ जानेवारी, मंगळवार
थंडी फार. थंडीत मेंदू आखडतो असं कुठेतरी वाचलंय. अभ्यास संध्याकाळी करणार.

२२ जानेवारी, बुधवार
संध्याकाळी क्रिकेट होतं.

२६ जानेवारी, रविवार
सूनबाईंना आमच्या घरी, एजवेअरला बोलावलं. अक्षया चार्टर्ड आहे, बेसिंगस्टोकला मोठ्या कंपनीत. अपूर्वही आला, जेवला, सोफ्यावर आडवा झाला. माझा मुलगा, पण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

अक्षयाने माझा रिपोर्ट वाचला. म्हणाली, बाबा, छान आहे, पण हे सगळं पुलाबद्दल आहे. म्हटलं, मग काय कोबीबद्दल लिहू? म्हणाली, तुमच्याबद्दल पाहिजे. निर्णय काय घेतलात, का घेतलात, कुठे अडलात. म्हटलं, अडलो नाही. म्हणाली, हा प्रश्न नक्की येतो बघा. एखादी गोष्ट आपल्याला जमत नाही हे कधी ओळखलंत, आणि मदत कोणाची घेतलीत? त्यात अडकलात तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही.

असा प्रसंग आजवर आलेलाच नाही. नीनाने किचनमधून लगेच चार सांगितले. बॉयलर, डिशवॉशर, ग्लासगोचा रस्ता आणि पुतणीच्या लग्नातला मांडव. यात पूल एकही नाही. सगळे बाद.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज मॉक इंटरव्ह्यू. अक्षयाला बजावलं, आज तू सून नाहीस, परीक्षक आहेस, अजिबात भीड ठेवू नकोस. तिने ठेवली नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी मुळापासून सुरू केलं, म्हणजे हीथ्रोला उतरलो तिथून. तिने मध्येच तोडलं. म्हटलं, थांब, आधी पूर्ण ऐक. म्हणाली, बाबा, परीक्षकाला थांब म्हणायचं नसतं. पुढचा प्रश्न, पुढचा, पुढचा. घशाला कोरड पडली म्हणून म्हटलं, जरा चहा टाक गं. जागची हलली नाही. म्हणाली, पॅनेल चहा करत नाही. नीना दारात उभी राहून इतकी हसली की तिला ठसका लागला.

चहा मी केला. पॅनेलने साखर कमी आहे म्हणून सांगितलं.

मॉक एकूण उत्तम. अडण्याचं उदाहरण तेवढं राहिलं. ऐनवेळी सुचेल.

५ मार्च, बुधवार, सकाळ
इंटरव्ह्यू. नीनाने हातावर दही-साखर ठेवली. एवढा सोहळा कशाला? दोनदा मागून घेतली.

५ मार्च, दुपार
झकास झाला. एक बाई, एक बुवा. बुवा बोलायला लाजाळू दिसले, मी सांभाळून घेतलं. बाईंनी तोच तो अडण्याचा प्रश्न काढला. सांगितलं, अजून वेळ आलेली नाही, आली तर कळवतो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. छाप पडली. मग तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत. मग आणखी वेगळ्या. मी उत्तर बदललं नाही. माणसाने ठाम असावं. निघताना त्यांच्या जिन्याचा कठडा हलतोय हेही दाखवून दिलं. बाईंनी लिहून घेतलं.

अक्षयाला फोनवर सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, बाबा, खरंच ‘कळवतो’ म्हणालात? भरून आलं असेल.

ऑफिसात साराला म्हटलं, तुझ्या सहीची दगदग आता कमी होणार. ती हसली.

२ एप्रिल, बुधवार
नापास.

ईमेलमध्ये लिहिलंय, पुलांचं ज्ञान चांगलं आहे, पण उमेदवाराला स्वतःच्या मर्यादांची जाणीव दाखवता आली नाही. वर्षभर एखाद्या मार्गदर्शकाबरोबर काम करून पुन्हा यावं. पुन्हा पुन्हा वाचलं. शब्द तेच राहिले.

साराने माझ्या टेबलावर कॉफी ठेवली, नव्या पुलाचा रिपोर्ट उचलला, सही केली. तिची सही तशी लहानशीच आहे. नजरेत भरत नाही.

जाऊ दे. सर्टिफिकेटावर पूल उभे राहत नाहीत. विषय संपला.

६ एप्रिल, रविवार
विषय संपल्यामुळे वेळ मोकळा. किचनमध्ये मसाल्यांसाठी फळी ठोकायला घेतली. नीना म्हणाली, अहो, अक्षया येतेच आहे, ती भिंत बघेल, मग ड्रिल करा. फळीला चार्टर्ड इंजिनिअर? हद्द झाली! एकच छोटं भोक पाडलं, टेस्टपुरतं.

घर गप्प झालं. फ्रिज, ओव्हन, नीनाचा रेडिओ, सगळं. ओव्हनमध्ये केक होता.

अक्षयाला फोन लावला. म्हटलं, कुठे पोचलीस? जरा लवकर ये. का, ते सांगितलं. म्हणाली, बाबा, कशालाही हात लावू नका, मी इलेक्ट्रिशियन पाठवते. मी लावला नाही. खुर्चीवर बसून राहिलो. नीना म्हणते, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

लाइट आले आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मला जमत नाही हे ओळखलं! मदत मागितली! उदाहरण मिळालं! तिथेच पुढच्या वर्षीचा रिपोर्ट सुरू केला. पहिलं वाक्य: भिंतीतल्या वायरिंगचा धोका लक्षात येताच मी तातडीने तज्ज्ञांना बोलावलं.

अक्षयाने वाचलं. म्हणाली, बाबा, तुमची मार्गदर्शक मी होईन, पण हे वाक्य पुन्हा लिहायचं. नीना म्हणाली, धोका लक्षात कसा आला, तेही येऊ दे की त्यात.

तेवढी जागा नाही. रिपोर्टला शब्दमर्यादा असते.