हुडकेश्वरचा प्लॉट आणि अंकुशचा राहिलेला पेपर

मी, कवडू सखाराम मेश्राम, वय ७४, राहणार नंदनवन, नागपूर, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा कूलरच्या मोटारींचे वाइंडिंग, हे स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. अक्षराला हसू नये. कोणी धाक घातलेला नाही. गुरुवारी धंतोलीत माझे हृदयाचे ऑपरेशन आहे आणि शनिवारी नात रितिकाच्या कॉलेज प्रवेशाची शेवटची तारीख. मी उठलो नाही तर ते दोन दिवस भांडणातच जातील, याची मला धास्ती आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा अंकुश व सून भावना यांचे. मुलगी प्रमोदिनी माहेरी आली की पुढची खोली तिची. कोणी तोंड वाकडे करू नये.

२. दुकान, वाइंडिंग मशीन व हत्यारे अंकुशची. शेजारच्या चंपतरावांनी पाच वर्षांपूर्वी नेलेली शिडी मागून आणावी. ते नाही म्हणतील. तरी आणावी.

३. हुडकेश्वरचा प्लॉट. तो विकून दुसरे दुकान टाकायचे की अंकुशच्या रितिकाला शिकवायचे, यावर मी दोन्ही लेकरांना समोर बसवून बोलायला लावले.

अंकुश म्हणाला, "गल्लीतला पियुष इंजिनिअर झाला अन् पार्सल वाटून राहिला. चार वर्षं गेली, हातात कागद. दुकान टाकलं तं पोरगी पहिल्या दिवसापासून मालकीण."

प्रमोदिनी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमचे रिपोर्ट कोण वाचून राहिलं?"

"तुले नोकरी लागली म्हणून बोलून राहिली वं. नसती लागली तं?" अंकुशने विचारले.

मला अंकुशचेच म्हणणे वजनदार वाटले आणि त्याच बाजूने लिहायला बसलो. लिहिताना ध्यानात आले की हे शब्द त्याचे नाहीत, माझे आहेत.

४. म्हणून हे नोंदवतो. १९९९च्या एप्रिलमध्ये अंकुश बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. नागपुरात कूलर आणि परीक्षा एकाच वेळी येतात. दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग होता. मी त्याला म्हटले, "कागद घेऊन काय करतं गा? आज मोटारी बांध." त्याचा पेपर राहिला. पुढच्या वर्षी त्याने फॉर्म भरला नाही. मला तारीख माहीत नव्हती, असे मी सगळ्यांना सांगितले, माझी पत्नी वच्छलाही तेच खरे समजत वारली. तारीख मला माहीत होती. वेळापत्रक त्याने दुकानातल्या पैशाच्या गल्ल्यावर चिकटवले होते.

कॉलेजने अंकुशला काही दिले नाही हे खरे, पण त्याचे कारण कॉलेज नव्हे.

५. तरी प्लॉट रितिकाच्या शिक्षणासाठी. व्यवहार प्रमोदिनीने पाहावा. शिक्षण संपेपर्यंत रितिकाला <s>उन्हाळ्यात</s> बाराही महिने कोणीही दुकानात बसवू नये, फोन उचलायलाही नाही. पुढे तिला नोकरी लागेलच असे मी म्हणत नाही. नाही लागली तरी तिला कोणी टोमणा मारू नये.

वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर अंकुशला वाचून दाखवला. चौथ्या कलमानंतर तो उठून दारात गेला. पाठमोराच म्हणाला, "आई होती तवा तरी सांगाचं होतं."

"हिंमत नाही झाली गा," मी म्हटले.

तो परत येऊन बसला. मग त्याने कागद मागून पाचवे कलम पुन्हा वाचले. "उन्हाळाच काहून लिहिला? आता सहा-सहा महिन्यांनी परीक्षा राहते. बाराही महिने लिहा."

कलम ५ मधील खाडाखोड त्याच्या सांगण्यावरून माझ्याच हाताने केली आहे. तिच्याशेजारी सही केली आहे.

लिहून देणार : कवडू सखाराम मेश्राम (सही)

साक्षीदार :
१. धम्मानंद गोविंदा रामटेके, शेजारी (सही)
२. गोपिका नामदेव बोरकर, शेजारीण (सही)

ठिकाण : नंदनवन, नागपूर
दिनांक : ९ जून २०२५