कुटुंबप्रमुखाची परवानगी

५ जानेवारी, रविवार
वसईजवळ वटारला आले. तीन पिशव्या, एक बादली, ही वही. रिक्षावाल्याने बादली मांडीवर घ्यायला लावली.

खोली छान आहे. मूळ घराची मागची पडवी भिंत घालून वेगळी केलेली. एक दार, गजांची एक खिडकी. खिडकीबाहेर केळी, त्यांच्यामागे सोनचाफा. मालक पांडुरंगकाका आणि मथुराकाकू. दोघांची सत्तरी उलटली आहे. काका पहाटे चाफा खुडतात, काकू तो केळीच्या पानात बांधतात. काकांचं एक कुत्रं आहे, नाव घेऊन बोलावलं तरच भुंकायचं थांबतं.

या घराचं पुढचं दार फक्त गणपतीत आणि लग्नात उघडतं. एरवी सगळे मागून येतात. माझ्या दारासमोर दगडी टाकी आहे, तिला पितळी नळ. बाहेरून आलेल्याने आधी तिथे हातपाय धुवायचे, मग आत. काकूंनी हे सगळ्यात आधी सांगितलं, भाड्याचं नंतर.

मिस्टर कुठे असतात, असंही विचारलं. मस्कतला, मी म्हटलं. एकट्या बाईला खोली द्यायला त्या तयार नव्हत्या. नवरा मस्कतला असलेली बाई एकटी धरत नाहीत.

उद्या शाळा. पाचवी आणि सहावीचं मराठी. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. एप्रिलपर्यंत मी.

मोठ्या ताईला, वसुंधराला, काकांच्या फोनवरून कळवलं. मी कुठे आहे हे फक्त तिला माहीत आहे.

८ जानेवारी, बुधवार
नवा फोन घेतला. नवा नंबरही. जुन्याच्या काचेला आडवा तडा होता. तो पडला नव्हता, फेकला गेला होता.

वसई स्टेशनजवळ केयूर नावाच्या माणसाचं दुकान आहे. त्याला म्हटलं, जुन्यातले आईचे फोटो तेवढे नव्यात हवेत. तो म्हणाला, फोटो कशाला, सगळं देतो ना, तुम्ही चा घ्या. चहा आला. वीस मिनिटांत दोन्ही फोन शेजारी ठेवून म्हणाला, मॅडम, एक पण चीज सुटली नाय. काचेवरचा कागद फुकट लावून दिला.

आईचे फोटो सगळे आले. एकात ती शेंगा सोलते आहे.

इथे झोप लागते. वहीसुद्धा उघडी ठेवता येते. नाशिकला लिहिलेलं वाचलं जायचं. मग मी लिहिणं सोडलं होतं.

१२ जानेवारी, रविवार
फोनमध्ये एक अ‍ॅप आहे, मी घेतलेलं नाही. चित्र छोट्या घराचं, नाव ‘आपलं घर’. उघडलं की चार आकडी पिन विचारतं. मला तो माहीत नाही. त्याला दिलेल्या परवानग्या पाहिल्या : ठिकाण, माइक, कॅमेरा, संपर्क. सगळ्यांना होकार आहे. मी दिलेला नाही.

काढायला गेले तर अक्षरं आली : हे अ‍ॅप काढण्यासाठी कुटुंबप्रमुखाची परवानगी आवश्यक आहे.

काकांना दाखवलं. ते हसले. त्यांच्या फोनमध्ये पत्त्यांचे तीन खेळ आपोआप आले आहेत, कंपनीवाले घालूनच देतात म्हणे. मग काकूंकडे हनुवटी करून म्हणाले की परवानगी हवी असेल तर कुटुंबप्रमुख त्या बसल्यात, विचारून घे. काकू म्हणाल्या, बाय, याचं नको ऐकू, याला फोन बंद कसा करायचा तेसुद्धा येत नाही.

मीही हसले. फोन उशाशी ठेवायचा तो टेबलावर ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. काकूंकडे हळदीकुंकू. वाडीतल्या चौदा-पंधरा बाया. शेजारच्या रिटामावशी कुंकू लावत नाहीत, पण तिळगुळाला दर वर्षी येतात. त्या रोज पहाटे टेम्पोतून बोरिवलीच्या बाजारात भाजी नेतात. मला टीचर म्हणतात.

बायांनी मला नाव घ्यायला लावलं. टाळलं. पाठीच लागल्या, सोडेनात. नव्या नवरीसारखी लाजते, कोणी म्हणालं. मस्कतवाल्याचं नाव तरी कळू दे, रिटामावशी म्हणाल्या.

कुठलंही नाव चाललं असतं. दोन ओळी जुळवल्या, आणि शेवटी नावाची जागा आली तेव्हा जीभ आपोआप वळली. जितेश. सात वर्षं तेच एक नाव घेतलं होतं. खोटं वेळेवर सुचलं नाही.

बायांनी टाळ्या वाजवल्या. काकू ते नाव दोनदा म्हणाल्या, लक्षात ठेवल्यासारख्या.

फोन माझ्या मांडीवर होता.

१५ जानेवारी, बुधवार
सकाळी सहाला फोनवर :

आपलं घर. कुटुंब : २ सदस्य.
जितेश — १३८ किमी.

मी हे नाव या फोनमध्ये कुठेच घातलेलं नाही.

दुपारी शाळेत, मुलं शुद्धलेखन लिहीत असताना उलगडलं. दोन वर्षांपूर्वी बॅटरी लवकर उतरते म्हणून त्याने माझा जुना फोन एक संध्याकाळ घेतला होता. परत दिला तेव्हा बॅटरी तशीच होती. केयूरने सगळं आणलं. एकही चीज सुटली नाही.

म्हणजे गेला आठवडाभर तो मला पाहतो आहे. खोली, शाळा, रस्ता. कदाचित ऐकतोही. आजवर त्याचं नाव दिसत नव्हतं. आज त्याने ते मुद्दाम दाखवलं. मी पाहावं म्हणून.

१६ जानेवारी, गुरुवार
केयूरकडे गेले. त्याने अर्धा तास खटपट केली. घामाघूम झाला. म्हणाला, अख्खा फोन पुसावा लागेल, सगळं कोरं होईल, करू का? बोट ठेवून थांबला.

मी फोन परत घेतला.

मी कुठे राहते हे जितेशला कळून चुकलं आहे. पुसून ते परत येणार नाही. पुसलं तर एवढंच होईल की तो कुठे आहे हे मला कळणार नाही.

केयूर म्हणाला, मॅडम, कोणाचं आहे हे? मी म्हटलं, कंपनीचं.

१९ जानेवारी, रविवार
१३८, म्हणजे नाशिकलाच. दिवसभर १३८.

उठले की बघते. भात लावला की बघते. वर्गात फळ्याकडे पाठ करून खडू हातात तसाच. ओढणीखाली फोन.

ताईशी बोलले, वाडीच्या टोकाला जाऊन, काकांच्या फोनवरून. ती म्हणाली, पुण्याला ये. तिचं घर त्याला पाठ आहे. तिच्या मुली शाळेत चालत जातात. नाही म्हटलं.

काकूंना खरं सांगावं असं वाटलं. त्या टाकीवर मुळे धूत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, मस्कतहून फोन आला नाही वाटतं, चेहरा उतरलाय. मी मुळे धुवायला लागले.

२२ जानेवारी, बुधवार
तिसऱ्या तासाला : ९२.
मधल्या सुट्टीत : ६०.
शाळा सुटताना : ३१. भिवंडी असावी.
सहा वाजता : १४.
मग थांबला.

१४ किमीवर काय आहे, काकांना विचारलं. मुख्य रस्त्याने गेलीस तर चिंचोटी, ते म्हणाले. आता जानेवारीत तिथे काय बघणार, धबधबा कोरडा. मी म्हटलं, असंच.

तो थांबणार, हे मला माहीत आहे. राग आला की तो लगेच काही करत नसे. जेवण पुरं करायचा. मोरीत जाऊन हात धुवायचा. साबण लावून, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. पुष्कळ वेळ. मी खोलीत नळाचा आवाज ऐकत बसायची. पाणी बंद झालं की —

२३ जानेवारी, गुरुवार
१४.

चौकीत गेले. अर्ज लिहून घेतला. विचारलं, त्याने इथे येऊन काही केलं आहे का? नाही. धमकी? नाही. काय केलं मग? फोन दाखवला. हवालदारांनी चष्मा लावून वाचलं : कुटुंब, दोन सदस्य. म्हणाले, आमच्या घरातही हेच घेतलंय पोरांनी.

दार पाहिलं. कडी एक. आतून बादली लावली.

२४ जानेवारी, शुक्रवार
१४. १४. १४.
साडेचारला ९.
उमेळ्याच्या बाजूला असेल. तासाभराने परत १४.

अंतर मोजून गेला.

एक सुचलं आहे. तो माझ्यामागे नाही, फोनमागे आहे. फोन गेला तर तोही जाईल. रिटामावशींचा टेम्पो पहाटे बोरिवलीच्या बाजाराला निघतो. तिथे गर्दी असते, तो दिवसभर शोधत बसेल. मी दुपारी शाळेतून येऊन सामान घेईन आणि निघेन. कुठे, ते अजून —

आईचे फोटो जातील. जाऊ देत.

२५ जानेवारी, शनिवार. सकाळी
फोन सायलेंट केला. लाल माठाच्या जुड्यांखाली, टोपलीच्या तळाशी घातला. रिटामावशी काकूंशी बोलत होत्या, कुणी पाहिलं नाही. टेम्पो गेला.

हात हलके वाटताहेत. आठवडाभरात पहिल्यांदा पूर्ण चहा प्याले, गरम असताना.

आज शाळा अर्धा दिवस. जाऊन येते.

दुपारी, पावणेदोन
हे ताईसाठी लिहिते आहे. वही पिठाच्या डब्यात ठेवीन.

घरी आले तर काकू दारात, नवं लुगडं, केसात चाफा. उमेळ्याला भाचीची हळद. रिक्षा उभी. तोंडभर हसू. माझा फोन त्यांच्या हातात.

भर बाजारात भाजी ओरडायला लागली म्हणे. मी सायलेंट केला होता, तरी वाजला. तो त्या अ‍ॅपमधून वाजवू शकतो. रिटामावशींनी जुड्या उपसून उचलला. समोरचा म्हणाला, मी जितेश. मावशी म्हणाल्या, अगंबाई, संक्रांतीला नाव घेतलं तोच. माझा जीव फोनसाठी कासावीस असेल म्हणून त्या माल दुसरीवर टाकून रिक्षाने परत आल्या. परत आणून दिला.

मग काकू स्वतः बोलल्या त्याच्याशी. आवाज किती गोड, म्हणाल्या. मला आई म्हणाला. मस्कतहून कधी आलात विचारलं, तर आजच, म्हणाला. तिला सांगू नका, म्हणाला. पण बाय, माझ्या पोटात कुठे राहतंय.

रस्ता नीट सांगितला, म्हणाल्या. वाडी नव्या माणसाला सापडत नाही ना. चर्चवरून आत, विहिरीशी उजवीकडे, पुढचं दार लावलेलं असेल, मागून या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, जाऊ नका. म्हटलं, तो मस्कतला नाही, तो मला — रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काका पुढे बसले होते. काकूंनी माझ्या गालाला हात लावला. भांडला होतात ना, म्हणाल्या, मला कळलंच होतं, पंधरा दिवस चेहरा बघते. घरी आलेल्या माणसाला परतवून लावू नये. आम्ही उद्या येऊ, तुम्ही दोघं निवांत बसा.

मी मागे धावले. धूळ तेवढी राहिली.

ओट्यावर ताट झाकलेलं आहे. दोघांपुरती पुरणपोळी.

दोन
११२ लावला. पत्ता विचारला. मीही सांगितलं, चर्चवरून आत, विहिरीशी उजवीकडे. गाडी निघते आहे म्हणाले.

रिटामावशींचं दार वाजवलं. कुलूप. त्याही हळदीला.

वाडीतून बाहेर जायला एकच रस्ता. त्यावर गेले. फोनवर ९०० मी. मग ७००. तो समोरून येतो आहे. मागे फिरले. केळीत लपले तरी फोन — फोन विहिरीत टाकते. नाही. मग कळणार नाही तो कुठे —

दोन वाजून दहा
आत आले. कडी. बादली. वर टेबल.

३००.

गाडीचा आवाज येतो का ऐकते. गाडी आधी येईल. चौकी फार लांब नाही.

ताई, फोटो फोनमध्ये आहेत. शेंगांचा तू ठेव.

१२०.

चाफ्याकडे पानं वाजली. काकांचं कुत्रं भुंकलं नाही. कोणी नाव घेऊन बोलावलं की ते भुंकत नाही. कुत्र्याचं नाव मी रोज या फोनसमोर —

४०

खिडकी लावली.

फोन उजळला :
कुटुंब : २ सदस्य. सगळे घरी आहेत.

दार वाजत नाही. हाक नाही.

टाकीवरचा नळ सुटला.

काकूंनी सांगितलं असणार. आधी हात-पाय धुवायचे, मग आत.

पाणी वाहतंय. तो सावकाश

अजून वाहतंय

साबणाचा वास. अजून वाह