पेंढा भरायचा, पण मोक्याच्या जागी

३ फेब्रुवारी
आजपासून मी उद्योजक. पक्ष्यांच्या टॅक्सिडर्मीचं सर्टिफिकेट आलं. कोर्स ऑनलाइन, पण लेखी परीक्षा भलतीच कडक. प्रॅक्टिकल ऐच्छिक होतं, म्हणून त्यात वेळ घालवला नाही. बायको या कलेला 'पेंढा भरणं' म्हणते. हल्ली पेंढा कुणी भरत नाही, कापूस भरतात. पण सांगायचं कुणाला?
निश्चय: धंद्यात जागा हेच सर्वस्व. मोक्याची जागा मिळाल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही.

५ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं. तळमजल्यावरच्या आजींचा काकाकुवा गेला. हा पक्षी हुबेहूब त्यांच्या गेलेल्या नवऱ्यासारखा खोकायचा. आजींचं म्हणणं, आवाज गेला तो गेला, निदान खिडकीत बसलेला तरी दिसू दे. लगेच हो म्हटलं. जागा मिळेपर्यंत त्याला पिशवीत गुंडाळून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवलाय. बर्फाचे ट्रे बाहेर काढावे लागले. बायको एक अक्षर बोलली नाही. पाठिंबा आहे असं धरून चालतो.

९ फेब्रुवारी
जागा सापडली! जनावरांच्या दवाखान्याला लागून रिकामा गाळा. डोकं चालवावं लागतं, बाकी काही नाही. दुपारी नुसता बोर्ड टेकवून पाहिला: 'निश्चिंत राहा, पुढचं आम्ही बघू.' दवाखान्याच्या रांगेतली एक बाई तो वाचून पिंजऱ्यासकट घरी निघून गेली. डॉक्टर बाहेर आले आणि बोर्ड उचला म्हणाले. पोटदुखी, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी
कोंबडीवाल्याच्या शेजारी पाहणी केली. वर्दळ उत्तम, शिवाय विषय पक्ष्यांचाच. बऱ्याच जणांनी किलोचा भाव विचारला. एकाला नीट समजावलं की आम्ही पिसं आणि कातडं शाबूत ठेवतो, आतलं सगळं काढून टाकतो. त्याने विचारलं, मग खायचं काय? शेवटी कोंबडीवाल्याने माझ्या हातात सुरी दिली. कातडं कसं सोडवता ते एकदा बघायचं होतं त्याला. नेमका तेव्हाच मला एक महत्त्वाचा फोन करायचा असल्याचं आठवलं.

१७ फेब्रुवारी
सासूबाई आल्या आहेत. मटारच्या पिशवीऐवजी त्यांनी फ्रीझरमधून दुसरीच पिशवी काढली. जेवण बाहेरून मागवलं. सासूबाई जेवल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी
पाळीव पक्ष्यांच्या दुकानाच्या मालकाला भेटलो. योजना अशी: पक्षी विकतानाच गिऱ्हाइकाकडून त्या पक्ष्याच्या शेवटाचं ॲडव्हान्स बुकिंग घेऊन टाकायचं, आणि आमचा काउंटर तिथेच कोपऱ्यात. मालकाने शटर अर्धं खाली ओढलं. विचार करायला त्याला एकांत लागत असावा.
परतताना जिन्यात आजी. झालं का हो, म्हणून विचारत होत्या. जागेची अडचण सांगितली. तुमच्या जेवणाच्या टेबलावर नाही का होणार, म्हणाल्या. भाबड्या आहेत बिचाऱ्या.

२६ फेब्रुवारी
घरात वादळ. बायकोचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो: "जागाबिगा काही नाही. तुम्हाला त्या काकाकुव्याच्या अंगाला सुरी लावायची भीती वाटते. आजींना तसं सांगा, नाहीतर मी सांगते."
मार्केटिंगचा गंध नाही हिला. तरी केवळ तिचं तोंड बंद करायचं म्हणून टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पिशवी उघडली. तुरा अजून तसाच. एक डोळा अर्धवट उघडा आणि रोख थेट माझ्याकडे. सुरी हातातून निसटत होती. मूठ खराब निघाली. उजेडही बेताचाच. पिशवी पुन्हा बांधली.
नोंद: नव्या जागेला मोठ्या खिडक्या हव्यात.

२ मार्च
बायकोने खरंच सांगितलं.
सकाळी आजी वर आल्या. मी त्यांना नव्या मॉलमधल्या गाळ्याबद्दल सांगायला घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुढे केले. "द्या तो इकडे. किती दिवस गारठ्यात ठेवायचं त्याला?"
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पिशवी शालीत गुंडाळून त्या सावकाश जिना उतरल्या. मी मागे, बायको फावडं घेऊन माझ्याही मागे. इमारतीमागे लिंबाच्या झाडाशी आजी थांबल्या. ऊन येतंय का पाहिलं, आपल्या खिडकीतून दिसेल का पाहिलं. एवढ्यावर जागा ठरली. खड्डा मी खणला. मला लाज वाटत होती. जागेअभावी काम रखडलं, असं मी अजूनही म्हणू शकतो, पण खणताना म्हणवलं नाही.
काकाकुवा आत ठेवल्यावर आजींनी माझ्याकडे पाहिलं. कुत्सितपणे नाही, अगदी मनापासून विचारलं, "जागा बरी आहे ना? तुम्हाला त्यातलं कळतं."
मी मान हलवली आणि माती लोटायला लागलो.