लिफ्ट खाली का जाते

३ मार्च
काय मेली ही गोळी! पायाची सूज उतरायला दिली आणि माझाच जीव खाली उतरवतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज सकाळी घ्या, पाणी कमी करू नका. त्यांच्या खोलीला लागून संडास आहे, त्यांचं काय जातंय! मी लिफ्ट चालवते. आठ मजले, आणि नोकरांचा संडास एकच, तळाला, पार्किंगच्या मागे. लिफ्टमधलं स्टूल रिकामं दिसलं तर घरी बसवीन, ही मॅनेजरसाहेबांची तंबी.
आज वकिलांना सातव्यावर न्यायचं होतं. चौथ्याला लघवीला जोरात लागली. दांडा खाली ओढला. वकील म्हणाले, अहो मावशी, वर! म्हटलं, लिफ्ट बिघडलीय, ऐकत नाही. बिघडलेल्या लिफ्टचं स्टूल रिकामं दिसलं तर कोण काय बोलणार? डोकं आहे मला.

४ मार्च
उद्यापासून पाणी बंद. शरीराला वळण लावलं की लागतं.

५ मार्च
घशाला कोरड. तरी लागतेच. कुठून येतं एवढं? लिफ्ट सकाळभर बिघडत होती.

६ मार्च
गोळीच घेतली नाही. राणीसारखी बसले. डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त कळतं.

७ मार्च
पाय चपलेत जाईनात. बसल्या जागी दम. सून म्हणाली, आई, मरायचंय का? समोर उभी राहून गोळी गिळायला लावली, वर जीभ दाखवा म्हणे. सुनेला जीभ दाखवायची वेळ आली.

१० मार्च
मेकॅनिक आला. कसं होतं विचारलं. नीट समजावलं: आधी थरथरते, मग आपली आपण खाली जाते, सकाळी जास्त. टपावर चढून तारा बघत होता, तेवढ्यात मला लागली. त्याच्यासकट खाली आणली. पांढराफटक पडला. असला बिघाड जन्मात पाहिला नाही म्हणाला. कसा पाहील!

१४ मार्च
साहेबांनी बोलावलं. मावशी, तुमचं बरोबर होतं, लिफ्ट धोक्याची आहे, नवीन मंजूर झाली. सुनेला सांगितलं, माझ्या शब्दाला ऑफिसात वजन आहे. स्टुलावर गादी मागणार.

१८ मार्च
नव्या लिफ्टचं चित्र भिंतीला लावलंय, शनिवारी जुनी काढणार. नुसती बटणं. साहेबांना विचारलं, स्टूल कुठं? म्हणाले, हिला माणूस लागत नाही. म्हटलं, जुनी चांगली आहे हो साहेब, ठणठणीत आहे. ते म्हणाले, मेकॅनिक त्यातून मरता मरता वाचलाय. खरं सांगायला तोंड उघडलं. उघडलं आणि लागली. दारातून पळता पळताच ओरडले, गेटावर बसवा, झाडू द्या, पण तळालाच ठेवा, आणि हो की नाही ते शनिवारच्या आत सांगा!