साहेबांच्या खणातला राजीनामा

तीर्थस्वरूप मामांना वाकून (या वेळी जरा जास्तच वाकून) नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? मी मजेत. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा तुम्ही साहेबांकडे शब्द टाकून मला या लिफ्टदुरुस्तीच्या ऑफिसात चिकटवलंत, ते उपकार मी आज सकाळपर्यंत विसरलो नव्हतो.

तुमचे मित्र, म्हणजे आमचे साहेब, दोन दिवसांचं शिबिर करून आलेत. वरिष्ठाने आधी भावना ओळखावी, मग निर्णय घ्यावा, असं तिथे शिकवलं म्हणे. तेव्हापासून ऑफिसात नियम असा, की राग आला तर भांडायचं नाही. मनातलं कागदावर लिहायचं आणि साहेबांच्या कुलपाच्या खणात फटीतून टाकायचं. दुसऱ्या दिवशी दहाला साहेब सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचतात आणि थंड डोक्याने निर्णय देतात. (मागे एक गिऱ्हाईक दोन मजल्यांच्या मधे अडकलं, त्यालाही साहेबांनी फोनवर आधी 'तुम्हाला नेमकं काय वाटतंय?' असं विचारलं. त्याने जे सांगितलं ते मोठ्याने वाचण्यासारखं नव्हतं.)

तर आमच्याकडे तक्रारींचे फोन घेणारी एक मुलगी आहे. तिच्याबद्दल मी काहीच लिहीत नाही. (तिचा आवाज ऐकून लिफ्टमध्ये अडकलेले लोकसुद्धा म्हणतात, सावकाश या.) आज मेकॅनिक तिच्याशी दोनदा हसून बोलला, म्हणून मी त्याला पाना दाखवला. नुसता दाखवला. साहेबांनी माझी भावना ओळखली आणि तिचं टेबल वरच्या मजल्यावर हलवलं! वर 'तुझ्याच मनःशांतीसाठी रे,' म्हणाले. माझं डोकं फिरलं. उभ्या उभ्या राजीनामा खरडला आणि खणात टाकला. आता मी अगदी शांत आहे. (टेबलाची काच आधीच तडकलेली होती.)

पत्र त्याच मेकॅनिकच्या हाती पाठवतोय, तो तुमच्याच बाजूला चाललाय. त्याला चहा द्या. अर्धाच.

तुमचा भाचा

ता. क. राजीनाम्यात कारण लिहिलंय. दीड पान. सुरुवातच तिच्या आवाजापासून आहे. उद्या दहाला ते तिच्यासमोर वाचलं जाणार. मामा, आजच साहेबांना फोन करून माझा कागद परत मिळवा. पाया पडतो.

ता. क. दुसरा. थांबा. ती आत्ता जिन्यात भेटली. म्हणाली, 'मीपण टाकलाय कागद. मला न विचारता माझं टेबल हलवतात म्हणजे काय? आणि तुझ्याबद्दलही आहेत बरं का त्यात, दोन ओळी.' फोन कराच, पण माझा कागद मागू नका. एवढंच सांगा, आधी तिचा वाचा.